नेट मीटरिंग: ३१ मार्चला शिल्लक युनिटांचं काय होतं? आणि मग किती किलोवॅट घ्यावेत?

छपरावरचं_ऊन
छपरावर सोलर बसवायचं आहे. घरगुती जोडणी, सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट. गच्ची स्वतःची, दक्षिणेला मोकळी. एक व्हेंडर म्हणतो ३ किलोवॅट बसवा, बिल शून्य. दुसरा म्हणतो ५ बसवा, उद्या एसी आणि इलेक्ट्रिक स्कूटर येणारच.

वर्षभराचा वापर बिलांवरून काढला आहे (युनिट):
एप्रिल ४५०, मे ५००, जून ४००, जुलै ३००, ऑगस्ट २९०, सप्टेंबर २९०, ऑक्टोबर ३४०, नोव्हेंबर २५०, डिसेंबर २२०, जानेवारी २२०, फेब्रुवारी २४०, मार्च ३५०. एकूण ३,८५०.

नेट मीटरिंगमध्ये ग्रिडकडून घेतलेल्या युनिटांतून आपण दिलेली वजा होतात आणि जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जातात हे कळलं. पण मार्चअखेर ती 'उडतात' म्हणे. खरं काय? माझं मत असं की वर्षाची निर्मिती आणि वर्षाचा वापर यांची बेरीज जुळली की झालं, महिन्याचा हिशोब बघायची गरज नाही. पटत नसेल तर आकड्यांनी खोडा.

तिरकी_मात्रा
'बिल शून्य' म्हणणाऱ्या व्हेंडरकडून स्थिर आकार तो भरणार असं लेखी घ्या. मग बघा आवाज कसा खाली येतो.

लाईनीवर_आहे
आधी नियम, मग आकडे. महाराष्ट्रात आत्ता वीज नियामक आयोगाचे २०१९ चे ग्रिड इंटरॅक्टिव्ह रूफटॉप विनियम लागू आहेत (३० डिसेंबर २०१९ ला अधिसूचित). त्याआधी २०१५ चे होते. २०१९ च्या नियमांत फक्त सौर नाही, सगळी नवीकरणीय निर्मिती येते.

महिन्याचा हिशोब असा: आयात वजा निर्यात. आयात जास्त असेल तर तेवढ्याच युनिटांचं बिल. निर्यात जास्त असेल तर फरक पुढच्या महिन्यात. हे आर्थिक वर्षात चालतं, एप्रिल ते मार्च. ३१ मार्चला जी शिल्लक राहील ती वितरण कंपनी आयोगाने त्या वर्षासाठी ठरवलेल्या जेनेरिक दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खातं शून्यावर येतं. म्हणजे युनिटं उडत नाहीत, स्वस्तात जातात. २०१५ च्या नियमांत हाच दर कंपनीच्या सरासरी वीजखरेदी खर्चाइतका होता. दोन्ही दर तुम्ही ज्या किरकोळ दराने वीज घेता त्याच्या जवळपासही नाहीत.

स्थिर आकार दर महिन्याला लागतोच, निव्वळ युनिट शून्य असली तरी. वहन आकार आणि इंधन समायोजन आकार निव्वळ युनिटांवर. वीज शुल्क या सगळ्यावर १६ टक्के.

आकडेमोड
धागाकर्ते, तुमचं मत आकड्यांनीच खोडतो. देशावर १ किलोवॅटला वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट धरायला हरकत नाही. मी कमीच धरतो, कारण धूळ, उष्णता आणि तारांमधला ऱ्हास कोणी चुकवू शकत नाही. ३ किलोवॅटची निर्मिती:

एप्रिल ४००, मे ४००, जून २८०, जुलै २००, ऑगस्ट २१०, सप्टेंबर २८०, ऑक्टोबर ३४०, नोव्हेंबर ३३०, डिसेंबर ३३०, जानेवारी ३५०, फेब्रुवारी ३६०, मार्च ४१०. एकूण ३,८९०.

वापर ३,८५०, निर्मिती ३,८९०. तुमच्या मते बेरीज जुळली. आता एप्रिलपासून खातं चालवा:

एप्रिल: ५० विकत
मे: १०० विकत
जून: १२० विकत
जुलै: १०० विकत
ऑगस्ट: ८० विकत
सप्टेंबर: १० विकत
ऑक्टोबर: बरोबरी
नोव्हेंबर: ८० जमा
डिसेंबर: जमा १९०
जानेवारी: जमा ३२०
फेब्रुवारी: जमा ४४०
मार्च: जमा ५००

म्हणजे वर्षात ४६० युनिट विकत घेतली आणि ५०० युनिट मार्चअखेर जेनेरिक दराने दिली. खातं एप्रिलमध्ये रिकामं सुरू होतं आणि नेमका तेव्हाच उन्हाळ्याचा वापर चढलेला असतो, पाठोपाठ पावसाळ्यात निर्मिती पडते. थंडीत साठलेलं उन्हाळ्याला मिळायच्या आत वर्ष संपतं. हेच वर्ष ऑक्टोबरला सुरू झालं असतं तर तुमच्या ५०० पैकी ४६० युनिटं पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात खपली असती.

छपरावरचं_ऊन
मानलं. मग २ किलोवॅट घ्यावेत का? म्हणजे काहीच वाया जाणार नाही.

आकडेमोड
'वाया जाऊ नये' हे उद्दिष्टच चुकीचं आहे. पैशांत बघा.

२ किलोवॅटला निर्मिती साधारण २,५९४. महिनावार काढलं तर वर्षात १,२५६ युनिट विकत घ्यावी लागतात आणि मार्चअखेर शिल्लक काही नाही. त्या १,२५६ पैकी ४६२ युनिटं शंभरच्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात (एप्रिल ८३, मे १३३, जून ११३, जुलै ६७, ऑगस्ट ५०, सप्टेंबर ३, ऑक्टोबर १३). इथेच मेख आहे. स्लॅब निव्वळ युनिटांवर लागतो, म्हणजे सोलर तुमचा सगळ्यात महाग स्लॅब आधी खातो. आणि १०१ ते ३०० च्या स्लॅबचा वीज आकार पहिल्या स्लॅबच्या दुपटीहून जास्त आहे.

तिसरा किलोवॅट वर्षाला साधारण १,२९६ युनिट देतो. त्यातली ७९६ तुमची खरेदी वाचवतात: ४४२ दुसऱ्या स्लॅबमधली, ३५४ पहिल्यातली. उरलेली ५०० जेनेरिक दराने जातात. वहन आकार आणि शुल्क धरून ढोबळ हिशोब करू, दुसरा स्लॅब १२ रुपये, पहिला ६ रुपये (तुमच्या बिलावरचे दर टाकून पुन्हा करा): ५,३०४ + २,१२४ = ७,४२८ रुपये वर्षाला.

खर्च? पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटचा आधारभूत खर्च ५०,००० रुपये प्रति किलोवॅट धरला आहे, त्यावर ६० टक्के अनुदान, म्हणजे ३०,०००. तिसऱ्याचा ४५,००० आणि अनुदान ४० टक्के, म्हणजे १८,०००. तिसरा किलोवॅट तुम्हाला २७,००० ला पडतो. बाजारभाव थोडा वर धरला तरी चारेक वर्षांत सुटतो. घ्या.

चौथा मात्र वेगळा प्राणी आहे. ४ किलोवॅटला वर्षभरात विकत घ्यावं लागणारं एकही युनिट उरत नाही, म्हणजे चौथ्याने फक्त ती ४६० वाचवली, तीही जवळजवळ सगळी पहिल्या स्लॅबची. वर्षाला २,८८० रुपये. बाकी ८३७ युनिट जेनेरिक दराने. आणि अनुदान ७८,००० वर थांबलेलं, चौथ्याला एक पैसा नाही. पाचव्या किलोवॅटची सगळीच्या सगळी निर्मिती जेनेरिक दराने जाईल.

म्हणून ३. पाचवाला व्हेंडर तुमच्या भविष्याची नाही, स्वतःच्या टार्गेटची काळजी करतोय.

साखरचौथ
आकडेमोड, एक शंका. स्कूटर खरंच आली तर?

आकडेमोड
स्कूटरला १०० किलोमीटरला ३ युनिट धरा. महिन्याला ६०० किलोमीटर फिरवली तर १८ युनिट. त्यासाठी २ किलोवॅट जास्तीचे? चारचाकी असेल तर गोष्ट वेगळी, तिला १०० किलोमीटरला १३ ते १५ युनिट लागतात.

तिरकी_मात्रा
१८ युनिटांसाठी ५ किलोवॅट म्हणजे उंदरासाठी तोफ.

कोकणकडा
वरचे आकडे देशावरचे आहेत. कोकणात जून ते सप्टेंबर अजून कमी धरा, जुलैत एप्रिलच्या ४० टक्क्यांवर आलं तरी आश्चर्य नको. पण तिकडे पावसाळ्यात पंखेही बंद असतात, त्यामुळे वापरही पडतो. हिशोब महिनावारच करा, दुसऱ्याचा तक्ता उचलू नका.

किनाऱ्यापासून जवळ असाल तर स्ट्रक्चर हॉट डिप गॅल्व्हनाइज्डच घ्या. प्री-गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या पट्टीला कापलेल्या कडेवरून गंज सुरू होतो. नट-बोल्ट एसएस ३०४. व्हेंडरच्या कोटेशनमध्ये 'जीआय' एवढंच लिहिलेलं असतं, त्यात दोन्ही बसतात. गॅल्व्हनाइजिंगची जाडी मायक्रॉनमध्ये लिहून मागा.

मधली_आळी
अगदीच प्राथमिक प्रश्न. ॲपमध्ये निर्मिती ३६० दिसते आणि बिलावर निर्यात २१०. दीडशे युनिटं कुठे मुरली?

लाईनीवर_आहे
कुठेही मुरली नाहीत. दिवसा फ्रीज, पंखे, पंप चालू असतात, ते इन्व्हर्टरची वीज थेट घेतात. मीटरपर्यंत फक्त उरलेली पोचते. नेट मीटरला तुमची निर्मिती दिसतच नाही, त्याला दिसतं ते आत आलेलं आणि बाहेर गेलेलं. सूत्र लिहून ठेवा:

घराचा वापर = आयात + निर्मिती − निर्यात

आयात २००, निर्मिती ३६०, निर्यात २१० असेल तर वापर ३५०. हा आकडा सोलरच्या आधीच्या वापराशी ताडून बघा. अचानक शंभरने वाढलेला दिसला तर एक तर घरातले लोक 'आता फुकट आहे' म्हणून एसी लावतायत किंवा रीडिंगमध्ये घोळ आहे.

मीटरवर वाचायचं असेल तर डिस्प्ले सरकत असतो: १.८.० म्हणजे आयात किलोवॅटअवर, २.८.० म्हणजे निर्यात. काही मीटरवर सरळ आयएमपी आणि ईएक्सपी असं येतं. महिन्याच्या रीडिंगच्या दिवशी दोन्हींचा फोटो काढून ठेवा. बिलात आयात-निर्यातीची अदलाबदल झाली तर फोटोशिवाय भांडता येत नाही.

वायर_सरळ_करा
बसवणाऱ्यांच्या बाजूने काही गोष्टी, कारण तक्रारी त्याच त्याच असतात.

पहिली: नेट मीटर लागण्याआधी सिस्टम चालू ठेवू नका. जुना साधा इलेक्ट्रॉनिक मीटर एकाच दिशेने मोजायला बनवलेला असतो. बरेच मीटर बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणून पुढे मोजतात. म्हणजे दुपारी तुम्ही ग्रिडला वीज देता आणि तिचंच बिल भरता. 'टेस्टिंगला चालू ठेवलंय' असं कोणी म्हणालं तर एसीडीबीतला (इन्व्हर्टरनंतरच्या एसी पेटीतला) एमसीबी खाली पाडा.

दुसरी, आणि सगळ्यात जास्त येणारी: भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडतो, ॲपवर ग्रिड ओव्हरव्होल्टेज. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी मानकांनुसार ग्रिडचा व्होल्टेज ८० ते ११० टक्क्यांच्या बाहेर गेला की इन्व्हर्टरने २ सेकंदांत सुटायचं असतं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. तुमच्या मीटरपाशी २४७ असेल तर तो दोष इन्व्हर्टरचा नाही, पण बाकीचे ६ व्होल्ट तुमची केबल घालते. हिशोब: ५ किलोवॅट सिंगल फेज म्हणजे सुमारे २२ अँपिअर. ४ स्क्वेअर मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम. गच्चीपासून मीटरपर्यंत ४० मीटर, जाऊन-येऊन ८०. ०.३७ ओहम गुणिले २२ = ८ व्होल्ट. इन्व्हर्टरला २५५ दिसतो आणि तो सुटतो. तीच केबल १० स्क्वेअरची घातली तर वाढ ३.२ व्होल्ट, इन्व्हर्टरला २५० दिसतो आणि तो चालू राहतो. केबलमध्ये वाचवलेले दोन-अडीच हजार उन्हाळ्यातल्या रोजच्या दोन तासांच्या निर्मितीला पडतात.

केबल जाड करूनही सुटत असेल तर मीटरच्या टर्मिनलवरचा दुपारी १२ ते २ चा व्होल्टेज नोंदवा आणि रोहित्राचा टॅप बदलण्यासाठी लेखी अर्ज करा. इन्व्हर्टरमधली ग्रिड सेटिंग वाढवून देतो म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. ते नियमाबाहेर आहे आणि घरातल्या फ्रीजलाही २६० सोसत नाही.

तिसरी: वीज गेली की सोलरही जातं. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात आणि ते मुद्दाम आहे. खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून. लोडशेडिंगमध्ये वीज हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागेल, तो निवडीच्या वेळीच ठरवा.

खोडी_काढू_का
म्हणजे लाईट गेल्यावर शेजारच्यापेक्षा आपण वेगळे दिसणार नाही? मग लाखभर कशाला घालवायचे?

तिरकी_मात्रा
गच्चीवर पॅनल दिसतात ना. अंधारात पण.

वायर_सरळ_करा
अर्थिंग राहिलंच. तीन स्वतंत्र: पॅनल फ्रेम आणि डीसी बाजू एक, एसी बाजू एक, वीजरोधकाचं (आकाशातल्या विजेपासून संरक्षणाचं) वेगळं. तिन्ही एकाच खड्ड्यात जोडलेली सापडतात. डीसी आणि एसी दोन्ही पेट्यांत एसपीडी (अचानक वाढलेल्या व्होल्टेजपासून वाचवणारा) हवा. आणि एमसी४ कनेक्टर (पॅनलच्या तारा जोडणारे) दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, वेगवेगळ्या कंपन्यांचे बसतात पण नीट चावत नाहीत, तापतात आणि जळतात. पॅनलच्या आगीच्या तक्रारी बऱ्याचदा तिथूनच सुरू होतात.

छपरावरचं_ऊन
मंजूर भार ३ आहे. ३.२४ किलोवॅटचे पॅनल (५४० वॅटचे सहा) म्हणतोय व्हेंडर. भार आधी वाढवून घ्यावा लागेल का?

लाईनीवर_आहे
नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २२ फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी नाही, अर्ज पूर्ण असेल तर तो मंजूर मानायचा आणि गरज पडली तर मंजूर भारही त्यातच वाढवायचा. १० च्या वर तपासणी आहे, तिची मुदत २० दिवसांवरून १५ वर आणली. बसवून झाल्याचं कळवल्यावर करार, मीटर आणि चालू करणं यासाठी पूर्वी ३० दिवस होते, ते १५ झाले. ५ किलोवॅटपर्यंतच्या सिस्टमसाठी रोहित्र वगैरे बळकट करायचं असेल तर तो खर्च वितरण कंपनीचा. ही कलमं अर्जासोबत छापून न्या, काउंटरवरचा आवाज बदलतो.

लक्षात ठेवा, भार वाढला की काही वर्गांत स्थिर आकारही वाढतो. आणि सिंगल फेज ८ किलोवॅट किंवा ४० अँपिअरपर्यंतच. त्याच्या वर थ्री फेज घ्यावंच लागतं.

अनुदानासाठी पॅनल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी ती धरतात. ३.२४ चे पॅनल आणि ३ चा इन्व्हर्टर असेल तर ३. तुम्हाला त्याने फरक पडत नाही. पण ३ चे पॅनल आणि २.५ चा इन्व्हर्टर असं कोणी गळ्यात मारलं तर पडतो. पॅनल देशी सेलचे, म्हणजे डीसीआर हवेत, नाहीतर अनुदान नाही.

साखरचौथ
पोर्टलवर अर्ज करताना अडकतं ते नावात. बिल आजोबांच्या नावावर, आधार आणि बँक खातं नातवाचं. आधी वीजजोडणीवरचं नाव बदला, मग अर्ज करा. उलट क्रमाने केलं तर सिस्टम बसते, मीटर लागतो आणि अनुदान लटकतं. क्रम असा: ग्राहक क्रमांकाने नोंदणी, अर्ज, मंजुरी, नोंदणीकृत व्हेंडर, बसवणं, माहिती भरणं, नेट मीटर, चालू केल्याचं प्रमाणपत्र, मग बँक तपशील आणि रद्द केलेला धनादेश. व्हेंडरला पूर्ण पैसे प्रमाणपत्र येण्याआधी देऊ नका.

सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीच्या सामाईक मीटरवर (लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे) २५ किलोवॅट घ्यायचा विचार आहे. इथे स्लॅबचा हिशोब तसाच लागतो का?

आकडेमोड
तुमचा दरवर्ग कोणता ते आधी बिलावर बघा. योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सोयींसाठी १८,००० रुपये प्रति किलोवॅट, ५०० किलोवॅटपर्यंत. पण घरामागे ३ किलोवॅट हिशोबाने मर्यादा, आणि सदस्यांनी स्वतःचं वैयक्तिक बसवलेलं त्यातून वजा.

लाईनीवर_आहे
सचिव, एक सापळा. ज्यांचं बिल किलोवॅटअवरऐवजी केव्हीएएच वर आहे किंवा पॉवर फॅक्टरचा (घेतलेल्या विजेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेचा वाटा) दंड-सवलत आहे, त्यांनी सोलर घेताना कॅपॅसिटर बँक तपासावी. लिफ्ट आणि पंपाच्या मोटारींना सक्रिय (प्रत्यक्ष काम करणारी) आणि प्रतिक्रिय (चुंबकीय क्षेत्रासाठीची, केव्हीएआरमध्ये मोजतात ती) अशी दोन्ही वीज लागते. सोलर सक्रिय देतं, प्रतिक्रिय ग्रिडकडूनच येते. मीटरला मग दुपारी किलोवॅट थोडे आणि केव्हीएआर तेवढेच दिसतात, पॉवर फॅक्टर ०.९५ वरून ०.६ वर येतो. मोटारी त्याच, दोष कोणाचाच नाही, बिल मात्र फुगतं. कॅपॅसिटर बँकेची सीटी (प्रवाह मोजणारं वेटोळं) मीटरच्या बाजूला हवी, इन्व्हर्टर जोडल्याच्या आतल्या बाजूला नको.

टीओडी (दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा दर) लागू असेल तर अजून एक नियम: ज्या वेळेच्या पट्ट्यात निर्यात झाली त्याच पट्ट्यातल्या वापरातून ती आधी वजा होते. उरलेली जास्तीची निर्यात ऑफ-पीकमध्ये (स्वस्त दराच्या तासांत) झाली असं धरतात. संध्याकाळच्या महागड्या तासांना ती भरून काढत नाही. ऑफ-पीक कधी ते दर-आदेशात ठरतं. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ असायचं, २०२५ च्या आदेशाने दिवसाचे ९ ते ५ हे सवलतीचे तास झाले. छोट्या घरगुती ग्राहकांपेक्षा हे दुकानं आणि कारखान्यांना जास्त भिडतं.

खोडी_काढू_का
थ्री फेज मीटर, सिंगल फेज इन्व्हर्टर. आर फेजवर निर्यात होते आणि बी फेजवरच्या गीझरसाठी आयात. दोन्ही मोजलं जाणार का?

वायर_सरळ_करा
चांगला प्रश्न, खोडी नाही. मीटर तिन्ही फेजची बेरीज करून एकच आकडा नोंदवतो की प्रत्येक फेज वेगळा, यावर आहे. महिनाअखेर नेट मीटरिंगमध्ये आयात वजा निर्यातच होणार असल्याने युनिटांत फरक पडत नाही, पण टीओडी असेल तर पडतो. तपासायचं सोपं आहे: दुपारी निर्यात चालू असताना दुसऱ्या फेजवर २ किलोवॅटचा हीटर पंधरा मिनिटं लावा आणि १.८.० चा आकडा बघा. अर्धा युनिट हलला तर मीटर फेजगणिक मोजतोय.

बे_एरियातला_बंड्या
इकडे कॅलिफोर्नियात हे सगळं ऐकून हेवा वाटतो. १५ एप्रिल २०२३ पासून नव्या अर्जांना नेट मीटरिंग संपलं, नेट बिलिंग आलं. निर्यातीला किरकोळ दर नाही, कंपनीचा जेवढा खर्च टळला तेवढाच, सरासरी तीन चतुर्थांश कपात. आधीच्यांना वीस वर्षं जुने नियम. त्यामुळे नव्याने घेणारे बरेच जण आता बॅटरीसकटच घेतात. दिवसा साठवायचं, संध्याकाळी वापरायचं.

आकडेमोड
२०१९ च्या महाराष्ट्राच्या नियमांतही नेट बिलिंगचा पर्याय आहेच. शिवाय ग्रिड सपोर्ट आकाराची तरतूद आहे. १० किलोवॅटपर्यंत मंजूर भाराच्या ग्राहकांना तो माफ, आणि राज्यात एकूण ५,००० मेगावॅट रूफटॉप होईपर्यंत तो लावायचा नाही असं आयोगाने २०२० च्या दर-आदेशात म्हटलं. मोठे ग्राहक असाल तर त्या वाक्यावर नजर ठेवा.

पणजीकर
गोंयात आयोग वेगळा, जेईआरसी (गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त वीज नियामक आयोग), आणि नियम २०१९ चे त्यांचे. महाराष्ट्राचे आकडे इकडे जसेच्या तसे लावू नका एवढंच. बाकी पावसाचं कोकणकडांनी लिहिलं ते इथे दुप्पट खरं.

मधली_आळी
मीटर बदलल्यापासून बिल 'सरासरी' येतंय. निर्यात शून्य. काउंटरवर 'पुढच्या महिन्यात होईल'.

लाईनीवर_आहे
नेहमीचं कारण: जागेवर मीटर बदलला, पण संगणकात नवा मीटर क्रमांक आणि नेट मीटरिंगचा शेरा चढलाच नाही. मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत (जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग, नव्याची दोन्ही सुरुवातीची रीडिंग), करार आणि चालू केल्याचं प्रमाणपत्र जोडून लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, कारण घडल्यापासून दोन वर्षांत. तिथेही नाही पटलं तर आदेशापासून ६० दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. वकील लागत नाही. मार्चच्या आत मिटवा, नाहीतर वर्ष बंद झाल्यावर जुनी निर्यात कोणत्या वर्षात धरायची यावर नवा वाद.

छपरावरचं_ऊन
३ किलोवॅट, १० स्क्वेअरची केबल, इतकं ठरलं. पण ती मार्चअखेरची ५०० युनिटं डोक्यातून जात नाहीत. जेनेरिक दराने द्यायची नसतील तर काही उपाय?

साखरचौथ
आहे की. डिसेंबर ते मार्च इंडक्शनवर स्वयंपाक करा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते, गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्यात जाते. इंडक्शनवर तेच काम १२५ ते १३० युनिटांत होतं. म्हणजे ५०० युनिटांत जवळजवळ चार सिलिंडर. गॅस गीझर असेल तर तोही थंडीत विजेवर घ्या.

आकडेमोड
हे सिस्टम मोठं करण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचं. फक्त शिल्लक संपवण्याच्या नादात खात्याच्या खाली जाऊ नका, फेब्रुवारीच्या बिलावरचा पुढे नेलेला आकडा बघून मार्चचा वापर ठरवा. आणि रीडिंगची तारीख ३१ नसते. तुमचं रीडिंग २२ तारखेला होत असेल तर त्यानंतरची मार्चची निर्यात एप्रिलच्या बिलात येते.

तिरकी_मात्रा
भाकरी इंडक्शनवर फुगत नाही. तेवढं एक जेनेरिक दराने सोडून द्या.

वायर_सरळ_करा
आणि इंडक्शनसाठी स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा पॉइंट, २.५ स्क्वेअरची तार, वेगळा एमसीबी. मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर २,००० वॅट लावलेले सापडतात, प्लग तपकिरी झालेला असतो.